सूर्यवेध : दुर्बीण आणि तिची बैठक



२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तेथे तळ दिला होता आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. त्याचे भिंग मात्र पाच इंचांचेच होते. एवढे धूड सूर्यामागे फिरविले असते, तर ते थरथरले असते. म्हणून भिंग स्थिर ठेवून छायाचित्राची काच तेवढी सूर्यप्रतिमेच्या गतीने सरकविण्याची योजना होती. सूर्यवेधाचे मर्म यात आहे : भिंगाच्या आकारापेक्षा स्थैर्य मोलाचे.

ताऱ्यांचा प्रकाश कणाकणाने वेचावा लागतो, म्हणून रात्री मोठे भिंग हवे. सूर्यापाशी प्रकाशाचे दारिद्र्य नाही. साठ ते ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या भिंगातून सौरडाग उत्तम दिसतात. अडचण आहे ती गतीची. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे, आणि आकाश तासाला पंधरा अंश सरकते; म्हणजे दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. साध्या तिवईवर दुर्बीण सारखी हलवावी लागते आणि प्रत्येक स्पर्शासरशी प्रतिमा डळमळते. विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. तो एकच संथपणे फिरविला की पुरते. त्याचा कल त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवावयाचा : पणजीस सुमारे साडेपंधरा अंश, बडोद्यास सुमारे सव्वाबावीस. दिवसा ध्रुवतारा दिसत नाही, हे खरे. परंतु उभ्या काठीची मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखवून देते. कोडईकनालच्या बोगदा-दुर्बिणीतही भिंग स्थिर असून सूर्यामागे फिरतात ते आरसेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत. डोळा भाजतो तो भाजत असताना कळतच नाही. म्हणून प्रमाणित सौरगाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी, पुढच्या बाजूस घट्ट बसविलेली असावी. ती प्रकाशाचा सुमारे लाखावा भागच आत येऊ देते. नेत्रिकेत बसवावयाची काळी काच कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये; एकवटलेल्या उष्णतेने ती अवचित तडकते. शोधक दुर्बीण झाकून ठेवावी किंवा काढून टाकावी. लहान भिंगाच्या दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडली तर दहा मुले एकदम सौरडाग पाहू शकतात. मात्र नेत्रिकेला कोणी डोळा लावू नये, यासाठी जाणते माणूस सतत शेजारी उभे हवे. वेळ सकाळची, जमीन तापण्यापूर्वीची उत्तम. तापल्या भूमीवरील हवा प्रतिमा हलविते. उदयपूरची सौरवेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली, ती याच कारणासाठी.

एखाद्या ग्रंथालयाने मुलांसाठी दुर्बीण घ्यावयाचे ठरविले, तर निधीचा मोठा वाटा बैठकीवर आणि गाळणीवर खर्चावा. भिंग लहान असले तरी चालेल. ग्रहणाच्या दिवशी घराची दारे लावून बसणे आणि उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे, ही अज्ञानाचीच दोन टोके आहेत. या दोहोंमधला सुरक्षित मार्ग मुलांना दाखविणे, हे ज्ञानालयाचेच कार्य होय.