औशाचा ठेवा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावचा कोणी मोठा वक्ता बोलवावा, अशी रीत आहे. यंदा मंडळाने ते काम घरातल्याच एका बाईवर सोपवले आणि विषयही घरचाच दिला : आपला तालुका, तेथील माणसे आणि त्यांचा ठेवा. घरच्या बाईने घरच्या वस्तूंची मोजदाद करावी, तशी मी आज ती करणार आहे. वस्तू कोणकोणत्या आहेत, कोणत्या गेल्या आणि कोणत्या आज जपल्या नाहीत तर उद्या जातील, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम आपला किल्ला. दुसरे किल्ले डोंगरमाथ्यावर असतात. आपला खोलगट जागी आहे. चोहोबाजूंनी जमीन उंच आहे. त्यामुळे दूरवरून येणारी फौज बुरुजावरून दिसे, पण किल्ला मात्र शत्रूला सहजी दिसत नसे. भोवती रुंद खंदक आणि आत दुहेरी तट. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकात तो बांधला, असे सांगतात. पुढे तो निजामशाहीकडे आला, मलिक अंबरच्या ताब्यात राहिला आणि १६३६ साली शहाजहानच्या फौजेने तो घेतला. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला उदगीरकडून रेटीत आणले व औशाच्या परिसरात निर्णायक झुंज देऊन साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मिळवला. वर्ष पुरते होण्याच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, तेच भाऊ पानिपतावर पडले.

ह्या लढाया मुलांच्या पुस्तकात असतात. बायकांनी किल्ल्यात पाहावयाचे ते पाणी. आत पायऱ्यांच्या विहिरी आहेत. एका हौदाखाली तर दालन बांधलेले आहे. वर पाणी आणि खाली बसावयाची थंडगार जागा. बांधणाऱ्यांनी तोफेआधी घागरीचा विचार केला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा नळाशी रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या बायकांना त्या विहिरींची किंमत कोणी वेगळी सांगावयास नको.

दुसरा ठेवा खरोशाचा. टेकडीच्या पोटात कोरलेली ही लेणी साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराची. तेथे नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे. दगड वेरुळासारखा कठीण नाही, म्हणून मूर्तींची नाकेडोळी झिजली आहेत. जवळच रेणुकादेवीचे देऊळ आहे आणि मुसलमान पीरांचे स्थानही आहे. औशातही तसेच. इकडे वीरनाथ मल्लिनाथ महाराजांचे देवस्थान, ज्याचे चक्रीभजन पंढरपुरापर्यंत ठाऊक आहे. तिकडे मशिदीतील बांग. एका गावाने दोन्ही ऐकत दिवस काढले, हाही ठेवाच समजावा.

आपल्या मुलखाला स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळाले, हे सुना-लेकींना सांगत राहिले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश मोकळा झाला, तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्याकडे तो दिवस उजाडला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुले घडवली, त्यांतून कार्यकर्ते उभे राहिले. पण त्यांना रात्रीबेरात्री भाकरी कोणी थापून दिल्या, निरोप कोणी पोचवले, दारात रझाकार आले तेव्हा कोणी उत्तर दिले? त्या बायांची नावे फारशी कोठे नोंदलेली नाहीत. ज्या घरी ती आठवण असेल, त्या घरातच ती आहे. पुढे १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबाद जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या धाराशिवातून, लातूर वेगळा झाला आणि आपण लातूरकर झालो.

आता जे गेले त्याविषयी. किल्लारी आपल्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे दमून निजली होती. पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे असताना भूकंप झाला आणि किल्लारी व आसपासच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. ती का गेली, हे आपण बायकांनी नीट समजून घ्यावे. आपली जुनी घरे दगडमातीची. भिंती हात-दोन हात जाड, पण आतबाहेरचे दगड एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही. वर लाकडी माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळती नको म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती चढवावयाची. वर्षानुवर्षे छप्पर जड होत गेले आणि त्या पहाटे तेच अंगावर आले. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे कसबाची होती, यात शंका नाही. पण वारसा म्हणून सारेच डोळे मिटून जपावयाचे नसते, हाही धडा त्यात आहे.

त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मानाने अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. बाकीच्या शेकडो गावांत घरे दुरुस्त करावयाची होती. तेव्हा गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. सरकारी योजना, सिमेंट, सळई, आरपार दगड म्हणजे काय, हे त्यांनी दारोदार समजावले. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या प्रेमा गोपालन यांनी त्यांना एकत्र आणले. ज्या बायका पूर्वी उंबऱ्याबाहेर बोलत नसत, त्या गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. आपल्या भागाच्या इतिहासात हे पान किल्ल्याच्या पानाशेजारी लागले पाहिजे.

पण घरे मिळाली तरी गाव मिळतोच असे नाही. जुन्या गावी ओसरीवरून हाक मारली की शेजारीण यावयाची. नव्या गावात रस्ते रुंद झाले, घरे दूर झाली. जुन्या गावची गल्ली, पार, आड, कोणाचे दार कोणासमोर होते, हे ज्यांना आठवते त्या तेव्हा वीस वर्षांच्या असतील, तर आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. ज्या त्या वेळी पन्नाशीत होत्या, त्यांतल्या कितीजणी आज सांगावयास आहेत?

दगडाच्या ठेव्याला निदान दप्तर असते. तोंडातल्या आणि हातातल्या ठेव्याला कोणतेच दप्तर नसते. आपली वेळ अमावस्याच घ्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला कडब्याची कोप करावयाची, चुन्याने रंगवलेले पाच पांडव पूजावयाचे, भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे शेतात न्यावयाचे आणि वाटेने जाणाऱ्यालाही जेवू घालावयाचे. हा सण आपल्या भागाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. भज्जीत कोणती डाळ, किती चिंच, आंबिल किती दिवस आंबवावयाचे, हे सासूकडून सुनेकडे आले. सून लातूर-पुण्याला नोकरीला गेली की तो धागा तुटतो. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. दोघांनी सुरू केलेले काम एवढे वाढू शकते, तर मंडळाने आपल्या चार गल्ल्यांचे काम करावयास काय हरकत आहे?

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या वर्षात आपण एक वही घालू. साठीच्या पुढची प्रत्येक बाई सांगेल आणि तिची सून, लेक किंवा नात लिहील. माहेरचे गाव, तेथला आड, पाठ असलेल्या ओव्या, वेळ अमावस्येचा स्वयंपाक, रझाकारांच्या काळातले घरात ऐकलेले, भूकंपाच्या रात्रीचे पाहिलेले, जे जे आठवेल ते. किल्लारीच्या बाजूच्या भगिनी जुन्या गावाचा नकाशा काढतील. नाव सांगावयाचे नसेल तिने सांगू नये, पण गोष्ट सांगावी. वहीची एक प्रत मंडळाच्या कपाटात राहील, एक वाचनालयात देऊ. आणि वर्षातून एकदा मुलांना घेऊन किल्ल्यात व खरोशाला जाऊ. भिंतीवर नावे कोरावयाची नाहीत, हे तेथेच शिकवू.

पहिले पान आजच लिहिता येईल. समोरच्या रांगेत ज्या आजीबाई बसल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू. पेन आणि वही मी बरोबर आणली आहे.