मोटारींतलें पाणी

मोटारीच्या रेडिएटरमध्यें नळाचें पाणी भरून निर्धास्त राहणारे गृहस्थ आजही आढळतात. “मुंबई-पुण्याकडे बर्फ कोठें पडतें? मग अँटीफ्रीझचा खर्च कशाला?” असा त्यांचा युक्तिवाद असतो. वरवर पाहतां तो बिनतोड वाटतो. परंतु त्यांत सत्य आहे तें थोडेंच.

कूलंटचीं कामें तीन : थंडींत न गोठणें, उष्णतेनें लवकर न उकळणें आणि एंजिनाच्या धातूला गंज चढूं न देणें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, आणि तेवढ्यानें एंजिनाचा ओतीव ठोकळाही तडकूं शकतो. इथिलीन ग्लायकॉल व पाणी समभाग मिसळलें असतां तें मिश्रण उणें ३५ अंशांच्याही खालीं जाईपर्यंत गोठत नाहीं, आणि उकळतें तें सुमारें १०७ अंशांवर. मौज अशी कीं, निव्वळ ग्लायकॉल उणें १३ अंशांच्या आसपासच गोठतें. म्हणून ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय येथें लागू पडत नाहीं. हिवाळ्यांत लेहकडे जाणाऱ्या मोटारीला पहिला गुण तारतो, भर उन्हांत घाट चढणाऱ्या मोटारीला दुसरा. तिसऱ्याची गरज मात्र दारांत उभ्या असलेल्या मोटारीलाही रोजच असते.

निवडीचें मर्म या तिसऱ्या गुणांतच आहे. ग्लायकॉल बहुतेक डब्यांत सारखेंच. फरक असतो तो गंजरोधक द्रव्यांत. जुन्या प्रकारांतील सिलिकेटासारखे क्षार धातूवर झटकन थर धरतात, पण दोनएक वर्षांत क्षीण होतात. सेंद्रिय आम्लांवर आधारलेला प्रकार बहुधा ५ वर्षें टिकतो. तिसरा प्रकार या दोहोंचा मिलाफ होय.

बाजारांत हिरवें, तांबडें, निळें अशा अनेक रंगांचें कूलंट मिळतें. रंगावरून त्याची जात ओळखतां येते, हा समज घातक आहे. कारण रंग हा सर्वस्वी कारखानदाराच्या मर्जीचा असतो. भिन्न जाती एकत्र केल्यास गंजरोधकांचें आयुष्य घटतें, आणि कित्येकदां गाळ साचून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. मग एके दिवशीं भर घाटांत एंजिन तापतें, आणि वांचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट दुरुस्तीपायीं जातात.

यास्तव मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी आणि तींत सांगितलेलें मानक ज्या डब्यावर छापलें असेल, तोच घ्यावा. डब्यांतील द्रव तयार मिश्रण असल्यास त्यांत पाणी घालूं नये. तो निव्वळ असल्यास ऊर्ध्वपातित पाणीच मिसळावें. नळाच्या पाण्यांतील क्षारांचा थर आंत बसतो. झाकण उघडावयाचें तें एंजिन पूर्ण निवाल्यावरच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण जहाल विष आहे. तें मूत्रपिंडें निकामी करतें. सांडलेला थेंबन् थेंब पुसून काढावा, आणि उरलेला डबा मुलांचा हात व कुत्र्यामांजरांचें तोंड पोंचणार नाहीं अशा जागीं कुलुपांत ठेवावा. एंजिन बिघडलें तर दुसरें मिळतें. जिवाचें तसें नाहीं.