मुरमाची वाट

माझा भाचा पुण्याला नोकरी करतो. २०२५ च्या ईदला तो सोलापूरला आला तो मोटारीच्या टपावर सायकल बांधूनच. खाली वाकलेलं हँडल, डिस्क ब्रेक. टायर मात्र शर्यतीच्या सायकलीसारखे बारीक नाहीत, चांगले जाडजूड. ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात म्हणे तिला. ग्रॅव्हल म्हणजे आपली बारीक खडी, मुरूम. डांबरी सडक सोडायची आणि सपाट मुलखातल्या कच्च्या वाटांनी दिवसभर सायकल हाणायची, यासाठी ही घडवलेली. त्यानं किंमत सांगितली. मी एवढंच म्हणालो, हा आकडा तुझ्या अम्मीच्या कानावर घालू नकोस.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मला अमेरिकेची गोष्ट सांगितली. तिकडे कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे. २००६ साली तिथं अशा सायकलींची दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. शर्यतीचा रस्ता गवताच्या मुलखातून जातो. तिथल्या मातीत गारगोटीसारखा कठीण दगड इतका वर आहे, की नांगर चालला नाही. बाकीचं गवत नांगराखाली गेलं, एवढं राहिलं. त्यातला एक तुकडा सरकारनं १९९६ साली राखीव केला.

मी म्हटलं, अरे, हे तर आपल्या नान्नजचं वर्णन झालं! तिथंही वीतभर मातीखाली मुरूम. पावसाचं पाणी ठरत नाही, पीक धरत नाही, पण पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत तिथं सुखानं वाढतं. सरकारी कागदात अशा जमिनीला पडीक म्हणायची पद्धत आहे. काळविटाला आणि लांडग्याला हे कुणी कळवलेलं नाही.

मग मी त्याच्या टायरची जाडी विचारली. चाळीस मिलिमीटर म्हणाला. आमच्या अब्बांची सायकल होती अठ्ठावीस बाय दीडची. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. भाचा टाळी देऊन म्हणाला, “मामू, नानाकी सायकल भी ग्रॅव्हल बाईकच थी की!”

अब्बा मणियार होते. कॅरिअरवर काचेच्या बांगड्यांच्या पेट्या बांधून ते नान्नज, मार्डी, वडाळा अशा गावांना जात. वाट सगळी मुरमाची नाहीतर काळ्या मातीची. मुरमावर पाऊस पडून गेला तरी तासाभरात सायकल चालते. काळ्या रानात तसं नाही. माती चाकाला धरते, मडगार्डात बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अब्बांच्या हँडलला बाभळीची एक चपटी काठी कायम अडकवलेली असे, चिखल खरवडायला. ते टायरमध्ये हवाही जरा कमीच ठेवत. कडक टायर दगडावर उडतो आणि पेटीतल्या बांगड्या तडकतात. भाचाही कच्च्या रस्त्यावर हवा कमी करतो. कारण तो इंग्रजीत सांगतो, इतकाच फरक. घरी आल्यावर अब्बा पेटी उघडत आणि फुटलेल्या बांगड्या मोजत. कुठली वाट कशी झाली आहे हे त्या मोजणीवरून त्यांना कळे. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, आणि ती सायकल भंगारात गेली. कवितेत मी तिला दोनदा आणलं. त्यानं काय होतं?

ईदच्या चौथ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. तो त्याच्या सायकलीवर, मी शेजाऱ्याच्या. एप्रिलात सोलापूरचं ऊन म्हणजे काय हे मी सांगायला नको. नऊच्या आत परतायचं ठरलं होतं. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा गवत सोनेरी झालेलं असतं आणि परदेशाहून आलेले भोवत्या ससाणे त्यावरून खाली खाली तरंगत असतात. बार्शी रस्ता सोडून आम्ही अकोलेकाटी-मार्डीच्या बाजूच्या कच्च्या वाटांना लागलो. डाव्या हाताला काळविटांचा कळप उभा होता. सायकलीला चेन सोडली तर आवाज नाही, त्यामुळे जनावर लगेच पळत नाही. मान वर करून बघतं, आणि बरंच वेळ बघतं.

हा सगळा माळढोकाचा मुलूख. सोलापूरचे पक्षिअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ साली अभयारण्य झालं. तेही केवढं, तर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! गावंच्या गावं, बाजारपेठा त्यात आल्या. जमिनीचे व्यवहार अडू लागले तेव्हा शेतकऱ्यांना त्या पक्ष्याचा राग आला, आणि त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. पुढे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर माळढोक जवळपास संपला होता. मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आता एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. मी लहानपणी पाहिला होता का, हे मला आठवत नाही. अब्बांनी पुष्कळ पाहिले होते. पाहिले म्हणजे काय, ते वाटेवरून जायचे आणि तो बाजूच्या गवतातून चालायचा.

अभयारण्याच्या राखीव भागात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आम्ही गेलोही नाही. आमची वाट बाहेरच्या गायरानाकडेची होती. गावनकाशावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पाऊलवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते. कागदावर दोन रेषा होत्या. प्रत्यक्षात एका वळणापुढे दोन्ही बाजूंच्या नांगरांनी वाट खाऊन टाकली होती आणि तोंडाशी बोरी-बाभळीच्या काट्यांचा फास टाकला होता. परतायचं तर पाचेक किलोमीटर मागे. ऊन चढत होतं. भाचा म्हणाला, माळावरून कापून जाऊ, समोर तर रस्ता दिसतोय. मी हो म्हटलं. हो मी म्हटलं, हे मुद्दाम सांगतो.

शे-दीडशे पावलं गेलो असू. दोन माळटिटव्या ओरडत डोक्याभोवती फिरू लागल्या. मी थांबलो तोवर माझंच पुढचं चाक जाऊन चुकलं होतं. घरटं म्हणजे मुरमात एवढासा खळगा, कडेला चार खडे. अंडीही मुरमाच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची. चार होती. एक फुटलं होतं.

भाच्यानं सायकल उचलून खांद्यावर घेतली. मीही घेतली. आल्या पावलांवर नजर ठेवत आम्ही परत वाटेवर आलो. नंतर कुणी फार बोललं नाही.

वाटेच्या तोंडाशी एक मेंढपाळ बसले होते. ते म्हणाले, वाट अडवल्याचा अर्ज गावानं तहसीलला दिलाय, मोजणी व्हायचीय. त्यांच्या मेंढ्याही आता माळावरूनच वळून जातात. यासाठी कायदा नवा लागत नाही; मामलेदार न्यायालयाचा १९०६ चा कायदा आहे, तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात. माळावरच्या चाकांना आवर घाला असं सगळेच म्हणतात. चाकांची स्वतःची वाट नांगरली गेली त्याबद्दल मात्र बोलतं कोण?

असे माळ आणखीही आहेत. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली राखलेलं जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं रान आहे. सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकारांसाठी १९९७ साली राखलेलं पाचेक चौरस किलोमीटरचं. बाहेरून गाडीवाटांनी जावं, आत वनखात्याच्या परवानगीनं आणि नेमून दिलेल्या रस्त्यानंच. सोबत पाणी आणि पंक्चरचं सामान हवंच. सराट्याचा काटा महाग टायर आणि स्वस्त टायर असा भेद करत नाही.

घरी आल्यावर भाच्यानं फोन काढला. आम्ही गेलो ती वाट त्यात आपोआप रेघ होऊन उमटली होती. अशी रेघ हे लोक एकमेकांना पाठवतात, आणि पुढचे तीस-चाळीसजण तिच्यावरून बिनघोर जातात. रेघेत आमचं ते माळावरचं वळण स्पष्ट दिसत होतं. त्यानं तेवढा तुकडा पुसला. काट्यांच्या फासापाशी रेघ संपवली आणि तिथं मराठीत लिहिलं : पुढे वाट बंद आहे, इथून मागे फिरावं.

मी शेजाऱ्याची सायकल धुऊन परत दिली.