शिक्षा असावी, वेठ नसावी
(मार्कंडा येथील भाषण)

वैनगंगेकाठी जमलेल्या कुणबी, ढिवर, लोहार मंडळींस आम्ही एकच सांगतो. भुकेपोटी कोणी पायलीभर धान उचलले, की कर्ता तुरुंगात जाई, रोवणी बुडे आणि उपास लेकरे काढीत! १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेने यास तोड काढली आहे. चोरी ५,००० रुपयांखालची व पहिलीच असून माल वा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. दारू पिऊन चारचौघांत दंगा करणारासही कोर्ट ती देऊ शकते. परंतु हे काम बिनमजुरीचे, म्हणून सावध असा! ते गावच्या तळ्यावर, शाळेत, सर्वांसमक्ष व्हावे. साहेबाच्या बंगल्यावर राबविले, तर ती शिक्षा नव्हे, जुनी वेठबिगारच होय. ती आम्ही मुळीच करणार नाही!