मिरे घेतानाही प्रत पाहा



आपण कापूस विकायला नेला की व्यापारी गाडीत हात घालतो. ओलावा, कवडी, काडीकचरा दाखवतो आणि भाव पाडतो. मग किराणा घेताना आपण डोळे का मिटतो? मिऱ्याचंच घ्या.

मिरवेलीचे घोस वाळवले की साल सुरकुतते, काळी पडते, तेच मिरे. दाणा भरलेला, जड हवा. बोटांनी दाबून चुरला तर पोचट समजा. चमचाभर मिरे पाण्यात टाका. भरलेले तळाला बसतात. पोचट दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात. पपईची बी लांबट असते, तिला मिऱ्याचा वास नसतो. दाणे फार चकाकत असतील तर हुंगा. रॉकेलसारखा वास आला तर खनिज तेल चोळलेलं आहे, परत करा.

पूड विकत घेऊ नका. तिचा वास लवकर उडतो, भेसळ दिसत नाही. अख्खे मिरे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू, लागतील तेवढेच कुटू.

केरळात, कोडगूत मिरे पिकवणाराही शेतकरीच आहे. आपण न पाहता घेतलं तर पपईची बी मिऱ्याच्या भावानं खपते. त्यात आपण नागवले जातो आणि तोही.