चित्रकाराचे देयक

पंचायतीचे भित्तिपत्रक, शाळेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ हे बहुधा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराच्या हातचे असते. त्यास वेतन नाही, रजा नाही. निवृत्तिवेतन तर दूरच. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढून स्वतःचे व्यासपीठ उभारले. सर्वांस ते साधत नाही. ‘रंग जरा बदला’ असे आपण सहज सांगतो. त्यात त्याचा दिवस जातो, याचा विसर पडतो. म्हणून कार्यादेशातच मानधन, दुरुस्त्यांची संख्या व चित्राचा पुनर्वापर या बाबी लेखी नमूद कराव्यात. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेल्या चित्रकाराचे देयक, २००६ च्या अधिनियमानुसार, काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावयाचे असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.