लस, हक्क आणि शेजारचं बाळ
(तिसगाव येथे बचत गटांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण)

मागच्या बैठकीत एका गटाने ठराव मांडला, की जी आई बाळाला लस देत नाही तिला अंतर्गत कर्ज द्यायचं नाही. बऱ्याच जणींनी हात वर केले. तेव्हा मी गप्प बसले, आज बोलते.

आपल्या आज्ज्यांच्या दंडावर देवीच्या लशीचे वण आहेत, घरी गेल्यावर बघा. मुंबईत 1877 साली त्या लशीची सक्ती करणारा कायदाच झाला होता. पुढे 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने कोविडच्या लशीबाबत सांगितलं, की कुणालाही बळजबरीने लस टोचता येत नाही. मात्र सगळ्यांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं. सरकारचं हे असं, मग कर्ज अडवणारे आपण कोण? शेळीचं कर्ज अडलं तर त्याच लेकराचं दूध जातं.

पण लस नको म्हणणाऱ्या ताईलाही माझं एक सांगणं आहे. न्यायालयात प्रश्न मोठ्या माणसाच्या स्वतःच्या शरीराचा होता. लेकराला कोण विचारतं? आणि शेजारच्या बाळाचं काय? गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. तोवर ते बाळ आपल्या पोरांच्या भरवशावर असतं. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, लेकरं दगावली. साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.

आपल्याकडे तर बहुतेक डोस नकारामुळे नाही, ऊसतोडीमुळे चुकतात. टोळी निघाली की कार्ड पेटीच्या तळाशी. ते सोबत न्या, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही लस फुकट मिळते.

ज्या ताईमुळे ठराव आला, तिच्याकडे मी आशाताईंना घेऊन गेले. ती म्हणाली, "थोरला सुईनंतर दोन रात्री तापाने फणफणला. आधी कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई अजून बोलतात." खरंच, सांगायला हवं होतं! असा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. औषध किती द्यायचं आणि कधी दवाखाना गाठायचा, हे आशाताईंनी तिला समजावलं. ती अजून हो म्हणालेली नाही. "सासूबाई घरी असताना या," एवढंच म्हणाली.

ठराव मागे घ्या. आणि तिच्याकडे माझ्यासोबत कोण येतंय, ते आत्ताच सांगा.